परदेशप्रवासात मोबाईल व सिमकार्ड : शहापूर-मुरबाडच्या प्रवाशांसाठी माहिती

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन तालुके. येथील भातसा व तानसा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते आणि पाण्यामागोमाग माणसेही कामधंद्यासाठी मुंबई-कल्याणकडे जातात, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. अलीकडे मात्र आसनगावची लोकल किंवा मुरबाड-कल्याण एस. टी. पकडणाऱ्यांपैकी काही जण त्याही पलीकडे जाऊ लागले आहेत. कोणी आखातात वीजजोडणीचे वा वाहनचालकाचे काम करण्यास जातो, कोणी परिचारिका म्हणून जाते, कोणी शिक्षणासाठी, तर कोणी आयुष्यभराची बचत खर्चून पवित्र भूमी, रोम, लुर्ड्स वा फातिमाच्या यात्रेस निघतो. पासपोर्ट, व्हिसा, विमानाचे तिकीट यांची चौकशी सर्व जण कसोशीने करतात. मोबाईलचा विचार बहुधा विमानतळावर पोहोचल्यावर होतो आणि तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकिकत येथे सांगणे उचित वाटते. घरातील थोरला मुलगा नोकरीसाठी मस्कतला गेला. तेथे कंपनीकडून सिम मिळणार होते, म्हणून भारतातील सिम त्याने काढून कपाटात ठेवले. रिचार्जची मुदत संपली, पण कोणाच्या लक्षात आले नाही. तीन-चार महिन्यांनी आईला कल्याणच्या रुग्णालयात दाखल करून तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. मुलाच्या येथील बँकखात्यात पैसे होते, परंतु ते वळते करण्यासाठी लागणारा ओटीपी त्या बंद पडलेल्या क्रमांकावर जात होता. क्रमांक बदलायचा तर खातेदाराने स्वतः शाखेत येऊन अर्ज करावा, असे उत्तर मिळाले. धाकट्या भावाला व्याजाने पैसे उभे करावे लागले. आई बरी होऊन घरी आली, परंतु त्या व्याजाची फेड वर्षभर चालली. हा लेख त्या प्रसंगातून सुचला.

रोमिंग म्हणजे काय

सिमकार्डात आपला मोबाईल क्रमांक नव्हे, तर ग्राहकाची ओळख पटविणारा एक वेगळा सांकेतिक क्रमांक व गुप्त किल्ली असते. त्या सांकेतिक क्रमांकाचे पहिले तीन अंक देश दाखवितात. भारतासाठी ४०४ व ४०५, इटलीसाठी २२२, इस्राएलसाठी ४२५. आपण रोमला उतरून फोन सुरू केला की तेथील मनोरा हे अंक वाचतो व भारतातील कंपनीकडे विचारणा करतो, की हा ग्राहक तुमचा काय आणि त्याला सेवा द्यावी काय. होकार मिळाला तरच पडद्यावर रेंज दिसते. ही विचारणा, तिचा हिशेब आणि दोन कंपन्यांमधील करार यांमुळे रोमिंग महाग पडते. आपल्या कंपनीचा त्या देशात करार नसेल, किंवा आपण येथे असतानाच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतले नसेल, तर फोन कितीही भारी असला तरी मुका राहतो.

सिमकार्डाचा इतिहास फार जुना नाही. म्युनिकच्या गीसेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने १९९१ साली फिनलंडमधील एका दूरध्वनी कंपनीला पहिली ३०० सिमकार्डे पुरविली. भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. आज ते कार्डही अदृश्य होऊ लागले असून, त्याची जागा फोनमध्येच बसविलेले ई-सिम घेत आहे.

तीन मार्ग

परदेशात मोबाईल चालविण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत : भारतीय क्रमांकावर रोमिंग पॅक घेणे, त्या देशाचे सिम विकत घेणे किंवा ई-सिम घेणे.

आठ-दहा दिवसांच्या यात्रेसाठी, विशेषतः वयोवृद्ध यात्रेकरूंसाठी, पहिला मार्ग आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो. एअरटेल, जिओ, व्ही या सर्व कंपन्या एका दिवसापासून महिनाभरापर्यंतचे पॅक देतात. क्रमांक तोच राहतो, घरची माणसे नेहमीच्याच क्रमांकावर फोन करतात. पॅक घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. आपण जाणार ते सर्व देश त्यात समाविष्ट आहेत काय? विमान ज्या देशात बदलावयाचे तो देश आहे काय? आणि पॅकचा दिवस भारतीय वेळेप्रमाणे मोजला जातो की पहिल्या वापरापासून चोवीस तास? पॅक नसताना डेटा सुरू राहिला तर आकारणी केबी-एमबीच्या हिशेबाने होते. खिशातल्या खिशात फोन व्हॉट्सअॅपच्या चित्रफिती उतरवून घेत राहतो आणि बिल हजारोंच्या घरात जाते. म्हणून मुंबईच्या विमानात बसण्यापूर्वीच ‘डेटा रोमिंग’ची कळ बंद करावी व पॅक लागू झाल्याचा संदेश आल्यावरच ती उघडावी. विमानातील व प्रवासी जहाजांवरील मोबाईल सेवा ही स्वतंत्र कंपन्यांची असते आणि नेहमीच्या पॅकमध्ये ती बहुधा धरलेली नसते. आकाशात वा समुद्रात फोन विमान-स्थितीतच ठेवावा.

दुसरा मार्ग स्थानिक सिमचा. महिनाभराहून अधिक मुक्काम असेल तर तोच स्वस्त. बहुतेक देशांत सिम घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. सौदी अरेबियात २०१६पासून बोटांचे ठसेही घेतले जातात. विमानतळावरील दुकानात भाव थोडा अधिक असतो, परंतु भाषा न येणाऱ्याने तेथेच घेतलेले बरे, कारण विक्रेता ते फोनमध्ये घालून, चालू करून देतो. तेथून हलण्यापूर्वी एक फोन लावून पाहावा. जुने सिम काढल्यावर ते कागदात गुंडाळून खिशात ठेवू नये. पासपोर्टच्या मुखपृष्ठाच्या आत चिकटपट्टीने लावावे. नखाएवढी ही वस्तू हरविली तर परदेशात तिची दुसरी प्रत मिळत नाही.

तिसरा मार्ग ई-सिमचा. आपला फोन ई-सिम स्वीकारतो की नाही हे पाहण्यासाठी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही कळ दाबावी. आयएमईआय क्रमांकासोबत ‘ईआयडी’ नावाचा लांबलचक क्रमांक दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. यात भारतीय सिम जागेवरच राहते आणि परदेशी डेटा ई-सिमवरून मिळतो, हा मोठा लाभ. मात्र ते घेताना विक्रेता कोण आहे हे पाहावे. परदेशी कंपन्यांची सिमकार्डे भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. असे प्रमाणपत्र नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४मध्ये एअरॅलो व होलाफ्लाय या दोन ई-सिम सेवांची ॲप भारतातील ॲप-दुकानांतून काढण्यात आली होती. फसवणुकीच्या गुन्ह्यांत परदेशी क्रमांकांचा वापर होत असल्याने सरकार याबाबत दक्ष आहे. ई-सिमचा क्यूआर संकेत बहुधा एकदाच चालतो. एकदा बसविलेले ई-सिम चुकून पुसले तर पुन्हा पैसे मोजावे लागू शकतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. आपले नेहमीचे भारतीय सिम प्रवासाच्या तोंडावर ई-सिममध्ये रूपांतरित करू नये. फोन पडून फुटला तर साधे सिम दुसऱ्या कोणत्याही फोनमध्ये घालता येते, ई-सिमचे तसे नाही. शिवाय सिम बदलल्यानंतर पहिले चोवीस तास त्यावरील संदेशसेवा बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा २०२२चा आदेश आहे, म्हणजे त्या काळात ओटीपी येत नाही. काही बदल करावयाचाच असेल तर तो प्रस्थानाच्या किमान दोन आठवडे आधी उरकावा.

भारतीय क्रमांक जिवंत ठेवणे

आमच्या मते या साऱ्या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि याच भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आज आपला मोबाईल क्रमांक हा केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नाही. बँक, आधार, गॅसची नोंदणी, शासकीय योजनांचे अनुदान, सारे त्याच दहा अंकांशी बांधलेले आहे. रिचार्जची मुदत संपली की आधी जाणारे फोन बंद होतात, मग येणारे फोन व संदेश. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून आणखी ३० दिवसांची मुदत मिळते. बंद झालेला क्रमांक पुढील ९० दिवस कोणालाही देता येत नाही, त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. दोन वर्षांनी गावी परतलेल्या माणसाचा क्रमांक अशा रीतीने परक्या माणसाच्या हाती गेलेला असतो आणि त्याच्या बँकेचे संदेशही तिकडे जात राहतात.

यावर उपाय साधा आहे. दोन सिमांचा फोन घ्यावा. एका घरात भारतीय सिम राहू द्यावे व त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, पण त्याचा डेटा बंद ठेवावा. बहुतेक भारतीय कंपन्यांच्या रोमिंगमध्ये येणाऱ्या संदेशांना आकार पडत नाही. त्यामुळे ओटीपी मिळत राहतात. आपल्या कंपनीचा नियम मात्र जाण्यापूर्वी विचारून घ्यावा. रिचार्जची जबाबदारी घरातील एका माणसाने घ्यावी व मुदत संपण्याची तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दीर्घ मुदतीचा रिचार्ज केल्यास ही काळजी वर्षातून एकदाच करावी लागते.

यूपीआयचे ॲप नव्या फोनमध्ये सुरू करताना आपल्या सिमवरून एक संदेश आपोआप पाठविला जातो. परदेशातून तो संदेश जाईलच याची खात्री नसते. म्हणून ॲप येथेच सुरू करून घ्यावे आणि तेथे गेल्यावर ते पुसू नये वा फोन बदलू नये. जे अनिवासी भारतीय झाले आहेत व ज्यांची एनआरई वा एनआरओ खाती आहेत, त्यांना परदेशी क्रमांकावरून यूपीआय वापरण्याची मुभा जानेवारी २०२३मध्ये प्रथम १० देशांसाठी देण्यात आली. त्यांत संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, ओमान व कतार यांचा समावेश आहे. नोकरीसाठी गेलेल्यांनी याबाबत आपल्या बँकेत चौकशी करावी.

व्हॉट्सअॅपबाबतही थोडे सांगावयास हवे. नोव्हेंबर २०२५मध्ये दूरसंचार विभागाने अशा संदेश-ॲपना असे निर्देश दिले, की ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावे. भारतीय सिम काढून कपाटात ठेवण्याची सवय सोडण्यास हे आणखी एक कारण. परदेशी सिम घातल्यावर ‘क्रमांक बदलावयाचा काय’ असा प्रश्न पडद्यावर आला तर नकार द्यावा.

यात्रेकरूंसाठी

युरोपीय संघातील देशांत १५ जून २०१७पासून रोमिंगचा वेगळा आकार रद्द झाला आहे. रोमच्या विमानतळावर घेतलेले सिम लुर्ड्सला (फ्रान्स) व फातिमाला (पोर्तुगाल) त्याच दरात चालते. डेटाला वाजवी वापराची मर्यादा असू शकते, एवढेच. व्हॅटिकन हे स्वतंत्र राष्ट्र असले तरी तेथील दूरध्वनी इटलीच्याच +३९ या संकेताने लागतात. संत पेत्राच्या चौकात उभे राहिल्यावर वेगळ्या सिमची गरज नाही. मेजुगोर्येला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की ते गाव बोस्निया-हर्जेगोविनात आहे, आणि तो देश युरोपीय संघात नाही. क्रोएशियातून बसने सीमा ओलांडली की पॅक बदलतो. स्वित्झर्लंड व ब्रिटन हेही या व्यवस्थेबाहेर आहेत.

पवित्र भूमीची यात्रा बहुधा जॉर्डन, इस्राएल व इजिप्त अशी तीन देशांची असते, त्यामुळे तेथे प्रत्येक देशाचे सिम घेत बसण्यापेक्षा तिन्ही देश धरणारा रोमिंग पॅक सोयीचा पडतो. मृत समुद्राच्या जॉर्डनकडील किनाऱ्यावर उभे असताना फोन कधी पलीकडच्या इस्राएलचा मनोरा पकडतो. असे होऊ नये म्हणून नेटवर्क स्वयंचलित न ठेवता आपल्या हाताने निवडावे. बेथलेहेम पॅलेस्टिनी प्रदेशात आहे. तेथील पॅलेस्टिनी कंपन्यांना थ्रीजी सेवा सुरू करण्याची संधीच जानेवारी २०१८मध्ये मिळाली. नाताळगुहेतून घरी चित्रफीत थेट दाखविण्याचा बेत असेल तर जेरुसलेमच्या हॉटेलातील वाय-फायची वाट पाहणे शहाणपणाचे. ऑक्टोबर २०२३मधील युद्धानंतर या यात्रांमध्ये मोठा खंड पडला होता, तेव्हा निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात. ऑगस्ट २०२७मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथे जागतिक युवादिन भरावयाचा आहे. तेथे जाणाऱ्या तरुणांना ई-सिमचा मार्ग सोपा वाटेल.

प्रत्येक यात्रेकरूने गटप्रमुखाचा, हॉटेलचा व भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. घरचे सर्व क्रमांक +९१ लावून, आरंभीचे शून्य काढून साठवावेत. तसे न केल्यास परदेशातून फोन लागत नाही आणि गोंधळलेला माणूस फोनच बिघडला असे समजतो.

आखात आणि घरचे टोक

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून संदेश जातात, परंतु त्यावरून बोलण्यावर निर्बंध आहेत. त्यासाठी तेथील सरकारने मान्य केलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात. घरच्या फोनमध्येही तेच ॲप हवे. मुलगा दुबईला जाण्यापूर्वीच ते आईवडिलांच्या फोनमध्ये घालून, दोनदा बोलून पाहावे. निर्बंध चुकविण्यासाठी कोणी व्हीपीएन सुचविले तर ऐकू नये, कारण त्याचा गैरवापर तेथे गुन्हा ठरतो व दंड मोठा असतो.

परंतु अडचण नेहमी परदेशी टोकाचीच असते असे नाही. डोळखांबच्या आतील बाजूस किंवा माळशेजच्या पायथ्याच्या काही पाड्यांवर रेंजसाठी आजही टेकाडावर चढावे लागते. आखातातील मुलाकडे वेगवान इंटरनेट आणि आई मात्र आंब्याच्या झाडाखाली फोन उंच धरून उभी, असे दृश्य आम्ही पाहिले आहे. मोबाईल न पोहोचलेल्या देशभरातील २४,६८० गावांसाठी फोरजी मनोऱ्यांची योजना केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये मंजूर केली व ती बीएसएनएलकडे सोपविली. आपल्या पाड्यावर कोणत्या कंपनीची रेंज बरी येते हे पाहून घरचे सिम निवडावे, जाहिरात पाहून नव्हे. व्हिडिओ कॉल तुटत असेल तर आवाजी संदेश पाठवावा. रेंज येईल तेव्हा तो पोहोचतो. साधा आंतरराष्ट्रीय फोनही विसरू नये. तो परदेशातून केल्यास येथे घेणाऱ्याला पैसे पडत नाहीत.

बोलण्याची वेळ ठरलेली असावी. दुबई व मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, रियाध, दोहा व कुवेत अडीच तास मागे, तर रोम हिवाळ्यात साडेचार व उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. ठरलेल्या वेळेचा दुसराही उपयोग आहे. मुलगा परदेशी असल्याचे कळताच काही भामटे आईवडिलांना फोन करून, तो पोलिसांच्या ताब्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा, असे सांगतात. अशा वेळी घाबरून न जाता फोन ठेवावा व मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. घरच्यांनी आपसात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवल्यास खोटे बोलणारा लगेच उघडा पडतो. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. विमानतळावर वा एजंटच्या कार्यालयात कोणी ‘एवढी दोन सिमकार्डे तिकडे आमच्या माणसाला द्या’ असे म्हणाला तर ती घेऊ नयेत. स्वतःच्या आधारवर सिम काढून ते दुसऱ्याला देण्यासही नकार द्यावा. भारतीय सिमकार्डे कंबोडिया, म्यानमार आदी ठिकाणच्या फसवणूक-केंद्रांकडे अशाच मार्गांनी पोहोचतात आणि तपास सुरू झाला की नाव सिम काढणाऱ्याचे निघते. फसवून वा तोतयेगिरी करून सिम मिळविणाऱ्यास दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद व ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते. त्याच केंद्रांत नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांचे फोन व पासपोर्ट आधी काढून घेतले जातात. मार्च २०२५मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी फोन मागितला, तर ती धोक्याची खूण समजावी व तत्काळ दूतावासाशी संपर्क साधावा.

नोकरी संपवून कायमचे परत येताना तेथील पोस्टपेड जोडणी बंद करून, थकबाकी नसल्याची पावती घ्यावी. तेथील क्रमांकावर जोडलेली बँकखाती व ईमेलही भारतीय क्रमांकावर वळवून घ्यावीत, आणि हे काम विमानाच्या आदल्या रात्रीवर न ठेवता शेवटच्या पगाराच्या आठवड्यातच करावे.